सुपारी फुटेपर्यंत

आमच्या घरात एखादी गोष्ट ठरली की पहिलं काम म्हणजे ती कुणाला कळू न देणं. शेळी विकायची असो की भिंतीला चुना द्यायचा असो, नाना आधी ओट्यावर जाऊन गल्लीत दोन्ही बाजूंना बघून येत आणि मग आवाज उतरवून बोलत. चुन्यात लपवण्यासारखं काय आहे, असं मायनं एकदा विचारलं तर म्हणाले, "आज चुना दिखस, सकाय चुना काबर लाया ते बी दिखी." आज चुना दिसला की उद्या कारणही दिसेल, ही त्यांची भीती अगदीच चुकीची नव्हती म्हणा, कारण तो चुना माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला, बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठीच होता.

नाना, म्हणजे माझे वडील, अमळनेरच्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर कारकून होते. कापसाच्या गाड्या आल्या की ते बाही सरकवून हात बगलेपर्यंत गाडीत खुपसत आणि तळातला कापूस उपसून बघत. वर कोरडा पांढराशुभ्र आणि खाली पाणी मारलेला, असा कापूस त्यांनी इतक्यांदा हातात धरला होता की घरी आल्यावरही तो हात काही बाहेर निघत नसे. मी सांगितलं की शाळा आज लवकर सुटली, तर ते विचारत, "कोण मेलं?" मायनं भाजी छान झालीय म्हटलं तर ते आधी मायकडे बघत आणि मग भाजीकडे. हा गुण माझ्यातही उतरला आहे. आजही जळगावच्या बाजारात मी वांगी वरून उचलत नाही, ढिगाच्या खालून काढते, आणि भाजीवाली तोंड फिरवून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागते.

पण नानांचा संशय नोकरीतून आलेला होता. फुईचा जन्मापासूनचा. फुई म्हणजे नानांची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच राहायची. दिवसभर ओट्यावर बसून कुणाच्या घरी फोडणीला तेल जास्त पडलं हे ती नुसत्या वासावरून सांगायची, आणि मग जास्त का पडलं असेल याचा विचार करत दुपार काढायची. दाराशी कुणी आलं की ती आधी त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघे. मनानं वाईट नव्हती. मला ताप आला तर रात्रंदिवस उशाशी बसे. पण ताप कुणाच्या नजरेनं आला हे शोधून काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे, आणि ते ती शोधून काढायचीच.

अक्काचं नाव मंगला. तेव्हा तिला बारावी होऊन वर्ष झालं होतं. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्सिंगचं शिक्षण मिळतं असं तिला मैत्रिणीकडून कळलं होतं आणि तिनं तिथला फॉर्मही आणवला होता. नानांनी तो फॉर्म हातात घेऊन उलटसुलट केला, "देखू" म्हणाले आणि देवघरात मारुतीच्या तसबिरीमागे ठेवून दिला. आमच्याकडे ज्या गोष्टींचं काही करायचं नसे त्या मारुतीमागे जात. महिनाभरात वामन आबा धुळ्याचं स्थळ घेऊन आले. वामन आबा नानांचे जुने ओळखीचे, सोयरिकी जुळवण्याचा त्यांना शौकच होता. मुलगा ओव्हरसियर, घरचं बरं, माणसं सरळ. नानांनी चार ठिकाणी चौकशी केली, मुलाच्या ऑफिसातल्या शिपायापर्यंत जाऊन आले, आणि कुठेच खोट सापडेना म्हणून आणखी आठ दिवस अस्वस्थ राहिले.

आमच्या भागात दोन्हीकडची चार मोठी माणसं समोरासमोर बसून सुपारी फोडतात तेव्हा लग्न पक्कं होतं. त्याआधी बोभाटा झाला तर कोणीतरी भांजी मारतं, म्हणजे मुलाकडच्यांच्या कानात काहीतरी घालून जुळत आलेलं मोडतं. अशी मोडलेली लग्नं फुईला नावागावासकट पाठ होती. म्हणून पाहुणे आले त्या दिवशी त्यांना मागच्या बोळातून आणलं. पेढे पारोळ्याहून आणले, कारण अमळनेरच्या हलवायानं विचारलं असतं. अक्काची साडी जळगावहून. शेजारच्या सखूमावशींनी पाहुणे कोण म्हणून विचारलं तेव्हा फुईनं ठोकून दिलं, "जिनना साहेब शेतस." त्यावर सखूमावशी म्हणाल्या की साहेबांच्या बायकोनं मंगलला अंगणात चालून दाखवायला का सांगितलं मग. फुई आत आली ती दोन दिवस ओट्यावर गेलीच नाही.

पाहुण्यांना शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा आणि गोडाला मांडे केले होते. मांडे अक्कानंच केले. उलट्या खापरावर पातळ पोळी टाकताना तिचे हात इतके सराईत चालत की मुलाची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघतच राहिली. तिनं अक्काला विचारलं, शिवणकाम येतं का, चष्मा तर नाही, दात स्वतःचे ना. अक्का सगळ्याला "हो" आणि "नाही" एवढंच बोलली. पाहुणे पसंती सांगून गेले, आणि सुपारी वैशाखात, बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड वाळून झाले की, असं ठरलं. अक्का खापर घासत बसली होती. मी म्हटलं, अक्का, तू धुळ्याला जाणार. ती म्हणाली, "जानं व्हतंच माले धुळाले." आणि राखेचा हात पुन्हा खापरावर फिरवायला लागली.

त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत मला दहावीच्या इंग्रजीसाठी पिंजारी सरांच्या क्लासला घातलं होतं. सरांच्या घरी पिढीजात कापूस पिंजायचं काम. सर बी. ए. करून काही वर्षं बाहेरगावी शाळेत शिकवून परत आले होते, पण त्यांचे वडील अजून अंगणात बसून पिंजण चालवत. आम्ही पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून इंग्रजी शिकत असू आणि बाहेरून पिंजणाच्या ताणलेल्या तातीचा तो टंव टंव आवाज सारखा येत असे. कापसाचे बारीक तंतू उडत येऊन आमच्या वह्यांवर, केसांवर बसत. घरी गेल्यावर फुई माझ्या डोक्यावरचा एकेक तंतू काढून बघायची, जणू त्यावर काही लिहिलेलं असेल.

सरांची शिकवायची रीत निराळी होती. ते एकटा शब्द कधीच शिकवत नसत. म्हणत, "बेटा, शब्द एकटा फिरत नाही. त्याचे ठरलेले सोबती असतात. सोबत्यांसकट ओळख करून घ्या." खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी होती. दर आठवड्याला एक क्रियापद आणि त्याचे आठ सोबती असे कागदाच्या पट्ट्यांवर लिहून ते चिमट्यांनी दोरीवर लावत. आम्ही आठवडाभर त्या पट्ट्यांखाली बसायचं आणि प्रत्येक जोडीचं एक वाक्य वहीत लिहायचं. अट एकच, वाक्य खरं पाहिजे. आपल्या घरात घडलेलं किंवा घडणारं. खोटं वाक्य परीक्षेत आठवत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वाक्यं झाली की वही शेजाऱ्याला द्यायची, त्यानं चुका काढायच्या आणि मग ती सरांकडे जायची. माझी शेजारीण म्हणजे सरांचीच मुलगी शहनाज, माझ्याच वर्गातली.

त्या आठवड्याचं क्रियापद होतं अनाउन्स. जाहीर करणं. दोरीवर पट्ट्या लागल्या: अनाउन्स द रिझल्ट, अनाउन्स अ डेट, अनाउन्स अ डिसिजन, अनाउन्स द एंगेजमेंट. मग ते कसं जाहीर करायचं त्याच्या पट्ट्या: फॉर्मली म्हणजे रीतसर, पब्लिकली म्हणजे चारचौघांत, प्राउडली म्हणजे अभिमानानं. आणि शेवटची रिग्रेट टु अनाउन्स, म्हणजे कळवायला वाईट वाटतं. मी त्या दोरीकडे बघत बसले. ज्या घरात चुना लावल्याचंसुद्धा सांगत नाहीत त्या घरातली मुलगी जाहीर करण्याची आठ खरी वाक्यं कुठून आणणार? शेळी त्याच महिन्यात मेली होती म्हणून रिग्रेटचं वाक्य झालं. चारचौघांतलं वाक्य फुईवर लिहिलं आणि खोडलं. उरली एंगेजमेंट. सरांची अट पाळायची हौस म्हणा, की इतके दिवस पोटात ठेवलेलं कुठेतरी ओतायची घाई म्हणा, मी लिहिलं की माझे वडील वैशाखात माझ्या बहिणीची एंगेजमेंट रीतसर जाहीर करणार आहेत. शहनाजनं वही तपासली, स्पेलिंगची एक चूक काढली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मुबारक हो. कुणाला सांगणार नाही." चिमट्याला लटकलेल्या पट्टीखाली मी तिच्याकडून तीन वेळा शपथ घेतली.

घरी ती वही अक्का वाचायची, हेही सांगायला हवं. दुपारी फुई डुलकी काढायची तेव्हा अक्का माझी वही घेऊन माजघरात पालथी पडायची आणि पट्ट्यांवरून उतरवलेल्या जोड्या ओठ हलवत पाठ करायची. मला वाटायचं तिला वेळ जात नाही म्हणून.

बिबड्या करायच्या दिवसांत आमच्या गल्लीत एका घरी सगळ्या बायका जमत. ज्वारीच्या पिठाचं रटरटणारं घाटं मोठ्या पातेल्यात, एक बाई हाटते, दोघी थापतात, चौघी खाटांवर पसरतात, आणि तोंडं सगळ्यांची चालू. त्या वर्षी फुईनं कुणालाच बोलवू दिलं नाही. "बठ्ठ्या येतीन आनि बठ्ठं काढी लेतीन," म्हणाली. सगळ्या येतील आणि पोटातलं सगळं काढून घेतील. तेव्हा माय, अक्का आणि मी अशा तिघीच अंगणात चुलीशी राबत होतो. घाट्याच्या वाफेनं माझ्या डोळ्यांना पाणी येत होतं आणि कौलांवरून सखूमावशींचं डोकं मधूनमधून दिसत होतं. जिनचा भोंगा अजून वाजायचा होता, आणि नाना घरी आले.

त्यांच्याबरोबर वामन आबा होते. दोघं आत गेले. फुई त्यांच्या मागोमाग. थोड्या वेळानं फुईचा आवाज आला, "मी सांगं व्हतं, कोनीतरी भांजी मारी." माय हातातलं उलथणं तसंच धरून दारात जाऊन उभी राहिली. धुळ्याच्या लोकांना एक निनावी पत्र आलं होतं. पत्र इंग्रजीत होतं, मोठ्या छापील अक्षरांत लिहिलेलं. ते त्यांनी वामन आबांबरोबर परत पाठवलं होतं आणि आधी तुमचं तुम्ही घरात बघा असा निरोप होता. जिनमधल्या एका कारकुनानं ते चाळून नानांना सांगितलं होतं की यात मुलीविषयी काहीतरी आहे आणि इंग्रजी मोठं आहे, शिकलेल्या माणसाचं काम दिसतं. एवढ्यावर घरात शोध सुरू झाला. वामन आबांनी स्वतःच्या दोन प्रतिस्पर्ध्यांची नावं घेतली. मायला तिच्या चुलतभावाचा संशय आला, त्याच्या मुलीला हेच स्थळ सांगून आलं होतं. फुईचा सखूमावशींवर, पण सखूमावशींना सही करतानासुद्धा घाम येई. मग फुई एकदम म्हणाली, "आपली गल्लीना पोरेसले इंग्रजी कोन शिकाडस?" आणि सगळे माझ्याकडे वळले.

नानांनी पत्र माझ्यापुढे धरलं. "वाच. काय लिखेल शे त्यामा?"

मी वाचायला लागले आणि दुसऱ्याच ओळीत थांबले. तिथे फॉर्मली अनाउन्स द एंगेजमेंट होतं. खाली रिग्रेट टु अनाउन्स होतं. दोरीवरच्या पट्ट्या एकामागून एक कागदावर उतरल्या होत्या. पहिला विचार आला शहनाजचा. तीन शपथा घेऊनही तिनं दगा दिला, असं वाटून मला राग आला. मग मी कागद बघितला. फिकट निळ्या रेघा आणि डावीकडे दुहेरी लाल समास. असा समास माझ्या वहीला होता. मी मान वर केली. सगळे माझ्याकडे बघत होते, एक अक्का सोडून. ती अंगणात घाटं हाटत होती, नको इतक्या जोरानं.

"माले नीट समजत नही," मी म्हणाले. नानांनी माझ्याकडे ते गाडीतल्या कापसाकडे बघत तसं बघितलं आणि पत्र परत घेतलं.

मी माजघरात जाऊन दप्तर उघडलं. वहीच्या मधल्या पिना सैल झाल्या होत्या आणि मधलं जोडपान नव्हतं. मी वही ओच्यात घेतली, अंगणात गेले आणि अक्काच्या समोर ती चुलीत घातली. अक्का बघत राहिली. पुठ्ठा आधी वळला आणि मग पेटला. मी तेव्हा समजत होते की मी अक्काला वाचवलं. सरांना वाचवता येईल असा एकच पुरावा होता आणि तो मी घाट्याखाली जाळला, हे मला दोन दिवसांनी कळलं.

त्या दोन दिवसांत फुई पुन्हा ओट्यावर गेली होती. ती नाव घेत नव्हती, फक्त म्हणायची की मास्तरच्या घरी तरण्या पोरींना घरातलं खरंखरं लिहून आणायला सांगतात, कशासाठी सांगत असतील ते ज्याचं त्यानं समजावं. मग मास्तर कोण, त्यांची जात कोणती, हे लोक आपोआप पुढे जोडत. ऐकायला मला वाईट वाटत होतं. पण मी ओट्यापर्यंत जाऊन एक वाक्य बोलले नाही, हेही तितकंच खरं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाना मला घेऊन सरांच्या घरी गेले. पिंजण चालू होतं, आम्हाला बघून म्हातारबाबांनी ते थांबवलं. आत क्लास नव्हता, सर एकटेच पट्ट्या कापत बसले होते. शहनाजनं पाणी आणलं. नानांनी तांब्याला हात लावला नाही. पत्र सतरंजीवर टाकलं आणि म्हणाले, "मास्तर, हे इंग्रजी कुणाचं आहे?"

सरांनी पत्र वाचलं. एकदा भराभर, मग सावकाश. "इंग्रजी माझ्या क्लासचं आहे," ते म्हणाले. "नाकारत नाही."

"मग लिहिलं कुणी?"

सर माझ्याकडे वळले. "सुमन, तुझी वही आणलीस?"

"हरवली," मी म्हणाले. शहनाज दारात होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. ते पाहणं मला अजून आठवतं.

सरांनी पट्ट्या बाजूला सरकवल्या. मग नानांना म्हणाले, "नाना, तीन दिवस तुम्ही कुणी लिहिलं हेच विचारत फिरताय. काय लिहिलंय ते कुणाला विचारलंत?"

"भांजी मारली आहे, आणखी काय."

"ऐकून तर घ्या. बेटा, तू वाच. मराठीत सांग. तुला येतं, मी शिकवलंय."

पळायला वाट नव्हती. मी वाचलं. आपण एंगेजमेंट रीतसर जाहीर करण्यापूर्वी एक गोष्ट कळवायची आहे. मुलीला तुमच्याबद्दल तक्रार नाही. तिला आत्ता लग्न नको, तिला नर्सिंग शिकायचं आहे. तिचा फॉर्म घरात पडून आहे आणि त्याची तारीख जवळ आली आहे. कळवायला वाईट वाटतं की तिच्या वडिलांनी सगळ्यांची चौकशी केली, तिला काही विचारलं नाही. इथे मी शेवटची ओळ सोडून कागद खाली ठेवला. सर म्हणाले, वाच. मी वाचली. त्यांच्यावर रागावू नका, ते फार चांगले आहेत.

नाना सतरंजीकडे बघत होते. भांजी मारणारा माणूस मुलीच्या बापाला चांगला म्हणत नाही, एवढं समजायला इंग्रजी लागत नव्हतं. त्यांनी पत्राची घडी केली, ती आणखी लहान केली आणि खिशात ठेवली. मग तांब्या उचलून पाणी प्यायले. सरांना ते काहीच बोलले नाहीत. उठताना हात जोडल्यासारखं केलं, पण अर्ध्यात. रस्त्यानं स्टेट बँकेच्या कोपऱ्यावर थांबून मला म्हणाले, "घरमा काही बोलू नको."

दुपारी जेवायला बसल्यावर त्यांनी अक्काला समोर बोलावलं. ताटात वांग्याचं भरीत होतं, ते त्यांनी बाजूला सारलं. "मंगल, तुनं काय मत शे?" एवढंच विचारलं. आमच्या घरात हा प्रश्न त्याआधी कुणाला विचारलेला मी ऐकला नव्हता. अक्का म्हणाली, "माले शिकनं शे." नाना उठले, हात धुतले आणि मारुतीमागून फॉर्म काढून आणला. शेवटच्या तारखेला चार दिवस होते. फुई कपाळाला हात लावून म्हणाली, "त्या मास्तरनी पोर बिघाडी." नानांनी ते ऐकलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता बोलतील, आता बोलतील. त्यांनी फॉर्मवर सही केली आणि पेनाचं टोपण लावलं.

त्यांची अडचण मला आज समजते. खरं सांगितलं असतं तर अक्काचं नाव गावभर झालं असतं. मुलीनं स्वतःचं लग्न स्वतः मोडलं म्हणून तिला पुन्हा स्थळ आलं नसतं, आणि नर्सिंगला जातानाही बोटं दाखवली असती. म्हणून आमच्या घरानं खरं पोटात ठेवलं आणि खोटं ओट्यावर चालू दिलं. समजतं, पण पटत नाही. महिनाभरात सरांच्या क्लासमधून आधी मुली गेल्या, मग मुलं. मलाही काढलं. शाळेत शहनाज माझ्या बाकावरून उठून पुढे जाऊन बसली, आणि मी तिला थांबवलं नाही. दिवाळीच्या आत सर कुटुंब घेऊन भुसावळला भावाकडे गेले. म्हातारबाबा तेवढे पिंजणासकट मागे राहिले. फुईला यात तिचा संशय सिद्ध झाल्यासारखं वाटलं. "काही नही तर गया काबर?" असं ती मरेपर्यंत विचारायची, काही नव्हतं तर गेला कशाला, आणि नाना तेवढ्यापुरते उठून बाहेर जायचे. त्या विषयावर त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. शेवटच्या आजारात अक्कानंच त्यांची सेवा केली, तेव्हाही नाही.

अक्का नर्स झाली, धुळ्याच्याच दवाखान्यात सिस्टर म्हणून तिनं नोकरी केली, लग्नही केलं, तिच्या पसंतीनं आणि थोडं उशिरा. मी इंग्रजीची शिक्षिका झाले. आयुष्यभर मुलांना शब्दांच्या जोड्याच शिकवल्या आणि ही रीत कुणाची असं विचारलं की म्हणत असे, आमचे एक सर होते. नाव मात्र घेत नव्हते.

नव्वदनंतरची गोष्ट. बदलीच्या कागदांसाठी मी भुसावळला गेले होते आणि स्टँडवर सावद्याच्या गाडीसाठी उभी असलेली शहनाज दिसली. तीही शिक्षिका झाली होती. मी ओळख दाखवू की नको या विचारात असतानाच ती चालत आली. सरांची चौकशी केली तर दोन वर्षांपूर्वी गेले म्हणाली. केळ्यांचे घड लादलेला एक ट्रक स्टँडसमोरून चालला होता, त्याच्या आवाजात मी म्हटलं, शहनाज, ते पत्र सरांनी नव्हतं लिहिलं.

ती माझ्याकडे बघून हसली. रागानं नाही. "अब्बांना त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही गेल्यावर म्हणाले, मंगलनं लिहिलं, आणि फार चांगलं लिहिलं. आम्हा सगळ्यांना शपथ घातली."

"मग तुम्ही गप्प का राहिलात? लोक इतकं बोलत होते."

"मंगलदीदींचं अॅडमिशन व्हायचं होतं ना," ती म्हणाली. तिची गाडी लागली होती. पिशवी सावरत ती चढली.

मी स्टँडवर कितीतरी वेळ उभी होते. आम्ही ज्यांच्यावर संशय घेतला त्यांनी आमची गोष्ट आमच्यापेक्षा जपून ठेवली होती. हे प्रकरण लिहायला घेताना मी अक्काला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लिख. नाव टाकीन लिख." म्हणून नावानिशी लिहिते. ते पत्र माझी बहीण मंगला हिनं लिहिलं. वही मी जाळली. नानांना ठाऊक होतं. पिंजारी सरांनी आम्हाला इंग्रजी शिकवलं, त्यापलीकडे त्यांनी काहीही केलेलं नव्हतं.